मेरिबेल, मार्च आणि पोटातला गोळा

मँचेस्टरहून एका नाशिककर मैत्रिणीचं पत्र आलंय, दोन पानी, आणि त्यातलं दीड पान नुसती भीती आहे. थोडक्यात असं आहे की नवऱ्याच्या ऑफिसातल्या चार कुटुंबांनी मिळून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात फ्रान्सच्या आल्प्समध्ये मेरिबेलला सात रात्रींसाठी शाले बुक केलंय, म्हणजे लाकडी घर, स्वयंपाक करणाऱ्या मुलीसकट. नवरा शिकायला स्वीडनला होता तेव्हापासून स्की करतो. हिने मँचेस्टरच्या इनडोअर स्नो सेंटरमध्ये सहा धडे घेतलेत, वळता येतं, थांबता येतं, पण सहाव्या धड्याला एक पोरगा मागून येऊन धडकला आणि तेव्हापासून झोपेत उतार दिसतो म्हणे. आठ वर्षांची लेक मात्र आत्तापासून घरात गॉगल घालून फिरतेय.

ती लिहिते, "ताई, मी हरिहरच्या पायऱ्या उतरलेय, त्यामुळे मला सरसकट घाबरट म्हणू नका. पण तिथे पाय दगडावर असतो, इथे पाय माझा नसतोच. नवरा म्हणतो चल, मी शिकवतो, तीन दिवसांत तयार होशील. व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज कोणीतरी नकाशा टाकतंय. मी जाऊ की नको? नाही गेले तर काय कारण सांगू? आणि लेक माझ्यापुढे निघून गेली तर मी एकटी वर अडकेन, त्याचं काय?"

अगं, आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते कारण ते सगळ्यात सोपं आहे. गुडघा. गुडघा दुखतोय म्हटलं की आपल्याकडे कुणी पुढे वाद घालत नाही. पण तुला ते कारण वापरायचंच नाहीये, वापरायचं असतं तर तू मला दोन पानं लिहिली नसतीस, गुडघ्याला क्रेप बँडेज बांधून मोकळी झाली असतीस.

तर जा. पण त्या ग्रुपबरोबर जाऊ नकोस. म्हणजे विमानात जा, शालेत रहा, रात्री पत्ते खेळ, पण सकाळी बूट चढवले की तुझा रस्ता वेगळा. तुझं सगळं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला त्यात डोंगराची भीती कमी आणि त्या नकाशा टाकणाऱ्यांची भीती जास्त दिसली, आणि खरं सांगू का, तुझी भीती बरोबर जागेवर आहे.

माझं सांगते. मी सांगलीची, बर्फ फक्त गोळेवाल्याकडे पाहिलेला, आणि जिनिव्हात राहायला आल्यावर ३८ व्या वर्षी स्की शिकले. पहिल्या सहलीला आम्ही तीन घरं मिळून एका मोठ्या फ्रेंच गावी गेलो होतो, गावाचं नाव सांगत नाही कारण गावाची काहीच चूक नव्हती. पहिले तीन दिवस मी शिकवणीत होते, मजेत. चौथ्या दिवशी दुपारी साडेतीनला ग्रुपमधला एक भाऊजी म्हणाला चला वहिनी, एक निळी पिस्ट आहे, एकदम सोपी, घराच्या दारात नेऊन सोडते. (पिस्ट म्हणजे खुणेचे खांब लावलेला स्कीचा उतार, रंगावरून तो किती अवघड ते कळतं.) मी गेले. वरचा अर्धा भाग खरंच सोपा होता. मग एक वळण आलं आणि वळणापलीकडे ऊन संपलेलं. दुपारभर उन्हाने ओला झालेला बर्फ सावलीत परत गोठला होता आणि त्यावर दिवसभरातल्या शेकडो स्कींनी खरवडून खरवडून नुसती काच उरली होती, करडी, चकचकीत. बाकीचे सर्रकन खाली गेले. मी थांबले, आणि थांबले ती थांबलेच.

तुला ते चित्र सांगते कारण तुझ्या झोपेत जे येतं ते बहुतेक हेच असणार. गुडघे थरथरत नव्हते, कडक झाले होते, लाकडासारखे. स्कीची कड बर्फावर घासली की सुरी ताटलीवर ओढल्यासारखा आवाज यायचा आणि त्या आवाजाने मी अजून मागे झुकायचे, आणि मागे झुकलं की स्की अजून पुढे पळायच्या. माझ्या शेजारी पिस्टचा खांब होता, निळा गोल, त्यावर ९ आकडा. मी तो खांब धरून उभी होते. धरायचा नसतो खरं तर, पण धरला. बाजूने चार-पाच वर्षांच्या पोरांची रांग गेली, बदकाच्या पिल्लांसारखी, पुढे मास्तर, आणि त्यातल्या शेवटच्या पोराने मला बोंजूर म्हटलं. त्या बोंजूरने मला जेवढं रडू आलं तेवढं आईच्या फोनवरही कधी आलं नसेल.

मग एक म्हातारा फ्रेंच गृहस्थ वरून आला, माझ्या खालच्या बाजूला दोन मीटरवर आडवा थांबला आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाला, खाली बघू नकोस, माझ्या टोपीकडे बघ. स्की उताराला आडव्या ठेव आणि घोटे किंचित, अगदी किंचित सैल सोड. मी सोडले आणि आडवीच्या आडवी हातभर खाली घसरले. मग घोटे परत डोंगराकडे वळवले आणि थांबले. परत सोडले, परत थांबले. असं करत करत तो पुढे आणि मी मागे, खांब ९ पासून खांब ६ पर्यंत आलो, तिथे उतार सैल झाला. ना वळण ना काही, नुसतं आडवं घसरणं. तो टोपी काढून निघून गेला, नावही विचारायचं राहिलं.

या आडव्या घसरण्याला साइडस्लिप म्हणतात आणि तुला मेरिबेलला जायच्या आधी शिकायची गोष्ट एवढी एकच आहे. तुझ्या इनडोअर सेंटरला अजून दोन धडे लाव आणि मास्तरला स्पष्ट सांग, मला वळणं नकोत, मला दोन्ही बाजूंना साइडस्लिप आणि मध्येच थांबणं घोटून घ्यायचंय. कारण ज्या माणसाला कुठल्याही उतारावरून कितीही हळू, कितीही बावळटासारखं का होईना पण उभ्याने खाली येता येतं, त्याची भीती अर्धी होते. वळता येऊन ती एवढी कमी होत नाही, हे मी स्वतःवरून सांगते.

आता डोंगर आणि तुझा तो हॉल यात फरक काय ते ऐक, कारण काही गोष्टी तिथे अवघड आहेत आणि काही, तुला खोटं वाटेल, सोप्या आहेत. तुझ्या सेंटरचा उतार १८० मीटर आहे, म्हणजे अर्ध्या मिनिटात संपतो आणि मग तू वर ओढून नेणाऱ्या लिफ्टला लटकून विश्रांती घेतेस. मेरिबेलला एकेक पिस्ट किलोमीटर-दोन किलोमीटर चालते, मांड्या पेटतात आणि पेटलेल्या मांड्यांनी माणूस मागे बसतो. म्हणून तिथे दर आठ-दहा वळणांनी थांबायचं, कडेला, आणि वरून येणाऱ्यांना दिसेल अशा जागी, कधीही चढाच्या आड किंवा वळणाच्या मागे नाही. दुसरं, हॉलमध्ये बर्फ रोज तसाच असतो. मार्चमध्ये आल्प्सला तो दिवसात तीनदा बदलतो, सकाळी रात्रीचा गोठलेला कडक, अकराच्या सुमारास लोण्यासारखा, आणि तीननंतर भिजलेल्या साखरेसारखा जड, ढिगाऱ्याढिगाऱ्यांचा. तुझे सोन्यासारखे तास म्हणजे साधारण दहा ते एक. तेवढंच कर. उरलेला दिवस तुझा.

आणि सोपं काय तर रुंदी. बऱ्याच हिरव्या पिस्ट तुझ्या त्या हॉलमधल्या उतारापेक्षा सपाट आणि कितीतरी रुंद असतात, शेवटी भिंत नसते, आणि वेग वाढला तर आडवं जाऊन तो खर्च करायला जागा असते. फ्रान्समध्ये हिरवी, निळी, लाल, काळी अशी चढती भाजणी असते. स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियात निळ्यापासूनच सुरू होतं, त्यामुळे शिकाऊ माणसाने फ्रान्सला जाणं हे चुकून का होईना तुमच्या ग्रुपने बरोबर केलंय. फक्त रंगावर आंधळा विश्वास ठेवू नकोस, रंग त्या गावापुरता असतो आणि सकाळी दहाची निळी नि दुपारी चारची निळी या सख्ख्या बहिणीसुद्धा नसतात. कडेच्या खांबांवर आकडे असतात ते खाली जाताना कमी होत जातात, म्हणजे १ आला की संपलं, आणि ज्या खांबांचं टोक नारिंगी असतं ती खाली तोंड करून उभं राहिल्यावर तुझ्या उजव्या हाताची कड. धुक्यात हे फार कामाला येतं. मदत मागवायची वेळ आली तर पिस्टचं नाव आणि खांबाचा आकडा सांगायचा, फोन ११२.

मेरिबेलबद्दल थोडं, कारण तू लिहिलंयस की तुला ते नाव ऐकूनच धडकी भरते. गाव १४५० मीटरवर आहे. आपली कळसूबाई १६४६. म्हणजे तू झोपणार आहेस साधारण कळसूबाईच्या खांद्यावर, एवढंच, त्यात दम लागण्यासारखं काही नाही. वर सोलीरचं टोक आहे ते २७३८ मीटर, तिथे केबिनने, म्हणजे दोरावरच्या बंद डब्याच्या लिफ्टने, जाऊन फोटो काढून केबिननेच खाली येता येतं, आणि ये. गाव वसवलं १९३८ च्या सुमारास पीटर लिंडसे नावाच्या ब्रिटिश माणसाने, नाझींमुळे ऑस्ट्रिया नकोसं झालं म्हणून नवी जागा शोधत आला होता तो, आणि त्यामुळे आजही तिथे तुझ्या मँचेस्टरचे निम्मे लोक भेटतील आणि इंग्रजीवर सगळं निभतं. १९९२ च्या आल्बेरव्हिल ऑलिम्पिकमध्ये बायकांच्या उतारावरच्या (अल्पाइन) स्की शर्यती इथेच झाल्या. त्या पिस्टकडे तू खालून बघ फक्त.

तुझं काम आहे अल्टीपोर्टच्या भागात. छोट्या विमानांची धावपट्टी आहे तिथे, तिच्या आसपास झाडीतून जाणारे सोपे उतार आहेत, ब्लाँशो नावाची हिरवी पिस्ट आहे, वारा कमी लागतो, आणि झाडं असली की ढगाळ दिवशीसुद्धा जमीन कुठे आहे ते कळतं. हे शेवटचं महत्त्वाचं. झाडांच्या वर गेलं आणि ढग उतरले की आकाश पांढरं, जमीन पांढरी, मध्ये काहीच नाही, फ्रेंच त्याला पांढरा दिवस म्हणतात. मी एकदा त्यात उभी असताना मला वाटत होतं मी चाललेय आणि वाटतंय तोवर आडवी झाले, कारण मुळात थांबलेच होते. अशा दिवशी वर जायचंच नाही, कोणी कितीही हाका मारू दे. गॉगलला कमी उजेडाची फिकट पिवळी-गुलाबी काच मिळते ती असू दे जवळ.

आता ग्रुप. मेरिबेल आणि शेजारची अशी तीन खोरी मिळून ६०० किलोमीटरच्या पिस्ट आहेत असं ते नकाशावाले तुला सांगतायत ना? सांगू दे. ती सगळी लिफ्टनी जोडलेली आहेत हे खरं, पण लिफ्ट दुपारी बंद होतात आणि शेवटची चुकली तर तू भलत्या खोऱ्यात उभी, मग टॅक्सीने पार दरीत उतरून दुसऱ्या बाजूने परत चढायचं, आणि त्याचं बिल बघून नवरा तुझ्यापेक्षा जास्त घाबरेल. म्हणून तुझ्यासाठी तीन खोऱ्यांचा महागडा लिफ्टचा पास घेऊच नका. फक्त मेरिबेलचा पास मिळतो, तो घे. पैसे वाचतात ते सोड, खरा फायदा असा की कोणी म्हणालं चल ना शेजारच्या खोऱ्यातल्या व्हाल तोराँसला तर तुला भीती वाटते हे सांगावंच लागत नाही, पास चालत नाही म्हणायचं. मी ही युक्ती सलग दोन वर्षं वापरली.

नवऱ्याबद्दल. तो चांगला माणूस दिसतोय, पत्रातून कळतं. पण नवऱ्याकडून ड्रायव्हिंग आणि स्की शिकू नये, संसार लांबवायचा असेल तर. त्याला दिसतं की तुझं वजन मागे जातंय, तो ओरडतो पुढे झुक पुढे झुक, तुला ऐकू येतं तू मूर्ख आहेस, आणि दुपारच्या जेवणाला कोणी कोणाशी बोलत नाही. त्याला आजच सांग, हे असंच सांग हवं तर: "सकाळी तू तुझ्या मित्रांबरोबर जा, मनसोक्त जा, मी स्कीशाळेत आहे, साडेबाराला अल्टीपोर्टला जेवायला ये, आणि जेवून झाल्यावर माझ्याबरोबर एक तास हिरवीवर, मी पुढे तू मागे, न बोलता." तो मागे असला की तुला मागून कोणी धडकायची भीती राहत नाही. त्या पोराने तुला धडक दिली ना, नियमाने चूक शंभर टक्के त्याची होती. खालच्या माणसाचा हक्क पहिला, वरच्याने बघून जायचं, हा जगभर सगळ्या स्की गावांचा नियम आहे. तुझं काम एकच, थांबून परत निघताना वर बघायचं, रस्त्यावर गाडी काढताना बघतो तसं.

स्कीशाळा आत्ताच बुक करून टाक, सकाळचा ग्रुप, पाच-सहा दिवसांचा, प्रौढांचा, इंग्रजीतला. लाल जॅकेटवाली फ्रेंच स्कीशाळा सगळीकडे आहे, शिवाय मेरिबेलला ब्रिटिश मास्तरांच्या शाळाही आहेत. जमलं तर पहिल्या दिवशी दोन तास एकटीसाठी मास्तर घे, महाग पडतं पण त्या दोन तासांत तो तुला उतार, लिफ्ट, बूट सगळं ओळखीचं करून देतो. लेव्हल विचारतील तेव्हा नवऱ्याला फॉर्म भरू देऊ नकोस, तो तुला एक इयत्ता वर टाकेल. कौतुकानेच टाकेल, पण टाकेल.

बूट हा विषय मी अर्धा तास बोलू शकते. दहातल्या नऊ जणींना वाटतं आपल्याला स्की जमत नाही, आणि प्रत्यक्षात त्यांचा बूट एक साइझ मोठा असतो. (दहातल्या नऊ हा माझा अंदाज, दुकानात बसून केलेला.) भाड्याच्या दुकानात तू म्हणशील घट्ट होतोय, पोरगा बिचारा मोठा देईल, आणि मग पाय आत फिरतो नि स्की ऐकत नाही. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे किंचित टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर टेकवली की बोटं मागे सुटली पाहिजेत. टाच उचलायचा प्रयत्न केला तर उचलता कामा नये. मोजा एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा, आणि थर्मल पँट बुटाच्या आत कोंबायची नाही, त्या एका घडीने नडगी सोलवटते. आपण थंडी म्हणून दोन-दोन लोकरी मोजे घालतो, त्याने रक्त अडतं आणि पाय उलट गार पडतात. पहिल्या दिवशी दुखलं तर संध्याकाळी जाऊन बदलून घे, बहुतेक दुकानं कुरकुर न करता बदलून देतात, दुखणं सहन करणं हा संस्कार तिथे नको. आणि वजन विचारतील तेव्हा खरं सांग गं बाई. स्कीला बूट अडकवतात ती पकड तुझ्या वजन-उंची-वय-सवयीवरून लावतात, तू पडल्यावर ती सुटली पाहिजे, नाहीतर सगळा पीळ गुडघ्यावर येतो. त्या काउंटरवर पाच किलो कमी सांगायचा मोह मलाही झाला होता.

लिफ्टची भीती तू एका ओळीत उरकलीस पण मला माहितीये ती मोठी आहे. खुर्चीवाली लिफ्ट आली की काठ्यांचे पट्टे मनगटातून काढून दोन्ही काठ्या आतल्या बाजूच्या हातात, खांद्यावरून मागे बघत रहा, खुर्ची गुडघ्याला लागली की बसायचं. बार खाली. वर पोचताना पाटी येते तेव्हाच बार वर, स्कीची टोकं वर, टेकली की उभं राहायचं आणि सरळ जायचं, लगेच वळायचं नाही, शेजारचीवर आदळतेस. तिथे उभ्या असलेल्या माणसाकडे बघून म्हण, "दूस्माँ, सिल्व्हू प्ले", म्हणजे जरा हळू हो. तो खुर्ची मंद करतो, दिवसभर लोकांसाठी करतच असतो. आणि ती दुसरी असते ना, दांड्याला खाली थाळीसारखी चकती, ती दोन पायांच्या मध्ये घ्यायची आणि उभंच राहायचं. बसायची नाहीये ती. मी बसले होते, सगळ्यांसमोर, पार्श्वभागासकट, आणि मागची तीन माणसं माझ्यावर.

आणि लिफ्टने खाली येणं. हे मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लाव. केबिन असलेल्या बहुतेक लिफ्टनी खालीही येता येतं. वर गेलीस, वारा सुटलाय, पिस्ट काचेसारखी दिसतेय, तर स्की हातात घे आणि परत केबिनमध्ये बस. त्यात मान कुणाचाच जात नाही. मधेच अडकलीस आणि साइडस्लिपही सुचेना तर कडेला ये, आधी जागा सपाट आहे ना बघ, मग घाई न करता एकेक करून स्की काढ, आणि अगदी कडेकडेने चालत ये. पिस्टच्या मधून चालायचं नाही, खड्डे पडतात नि लोक धडपडतात.

कागदपत्रांचं पटकन. तुझा पासपोर्ट अजून भारतीयच आहे असं धरते, ब्रिटिश झाला असेल तर पुढची दोन वाक्यं सोड. ब्रिटनचा रहिवासी परवाना असला तरी फ्रान्सला शेंगेन व्हिसा लागतोच, अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो आणि अपॉइंटमेंट मिळायला जो वेळ जातो तो बघता आत्ता उठ आणि तारीख घे. व्हिसासाठी ३०,००० युरोचा प्रवास विमा दाखवावा लागतो, लोक सगळ्यात स्वस्त घेतात, आणि त्यात बऱ्याचदा स्की येतच नाही. हिवाळी खेळ स्पष्ट शब्दांत लिहिलेला विमा घे, डोंगरावरून खाली आणण्याच्या खर्चासकट, कारण फ्रान्समध्ये पिस्टवर पडून जखमी झालीस तर घसरगाडीवरून खाली आणण्याचंसुद्धा बिल येतं. लिफ्टच्या पासबरोबर रोजचा थोडक्या युरोंचा विमा विकतात तोही घेऊन टाक.

जायच्या आधी सहा आठवडे आहेत तुझ्याकडे. भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखं बस, मिनिटभर, दिवसातून चारदा. ऑफिसात लिफ्टने वर जा आणि जिन्याने उतर, हळू, उतरणंच हवंय आपल्याला. सूर्यनमस्कार चालू असतील तर उत्तम. बाकी कपड्यांवर पैसे उधळू नकोस, जॅकेट-पँट कुणाकडून मागून आण, आत सुती काही नको, घाम धरून ठेवतं आणि मग थंडी हाडात जाते. सनस्क्रीन मात्र भरपूर, दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो, म्हणून हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या आतल्या कडेलाही लाव. मी नाही लावलं, आठवडाभर घुबडासारखी दिसत होते.

तू शाकाहारी आहेस असं शेवटी लिहिलंयस. शालेवाल्या मुलीला आधी इमेल करून ठेव. तिकडचा तार्तिफ्लेत बटाटा-चीजचा दिसतो पण त्यात बेकनचे तुकडे असतात, फोंद्यूत, म्हणजे वितळवलेल्या चीजमध्ये, वाइन असते, आणि सावोआच्या, म्हणजे त्याच भागाच्या, पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं, तुला ते चालतं की नाही ते तू ठरव. थेपले ने. मेतकूट ने. दुपारी दीडला डोंगरावर उन्हात बसून खिशातला थेपला काढला ना की शेजारचे फ्रेंच सुद्धा बघतात.

तीन दिवस कर, आणि चौथ्या दिवशी सकाळी मनापासून वाटलं नको, तर नको. पायी फिरणाऱ्यांचा वेगळा पास मिळतो, झाडीतून चालायचे रस्ते आहेत, खाली ला शोदानला ऑलिम्पिकच्या वेळचं बर्फाचं रिंक आहे, पोहायचा तलाव आहे. पुस्तक घेऊन बस. गुडघ्याचं कारण तेव्हाही चालेल.

राहता राहिली लेक. हो, ती तुझ्यापुढे जाणार. बुधवारपर्यंत जाईल. आठ वर्षांची पोरं बुटकी, जमिनीला जवळ असतात, पडायला भीत नाहीत आणि त्यांच्या स्कीशाळेत त्यांना दिवसभर खेळवत खेळवत शिकवतात. ती पुढे गेल्यावर तू वर एकटी अडकशील असं तुला वाटतंय, तर तिच्याशी आधीच ठरव की प्रत्येक तिसऱ्या खांबाला थांबायचं आणि आईची वाट बघायची. तिला ती जबाबदारी भलती आवडेल. आणि तिच्या मागे जाताना तिच्या पायांकडे नको, तिच्या टोपीकडे बघ.